मौन सहाला सुरू होणार होतं

पत्रकात छापलं होतं: तरुण संघाचं शिबिर, वेंगुर्ले.
विषय: शांतता.
सोबत आणावे पवित्र शास्त्र, टॉर्च, ताट-वाटी, अंथरूण.
मोबाईल आल्याबरोबर जमा.
वय अठरा ते तीस.
मला एकोणतीस पूर्ण,
म्हणजे हे शेवटचं, असं आई फी भरताना म्हणाली
आणि पुण्याहून कोण कोण येणार आहे तेही सांगितलं,
मी न विचारता.

मिरजेहून नऊला निघालो.
बारा सीटच्या गाडीत सोळा जण, शिवाय हार्मोनियम,
तिला खिडकी मिळाली.
मी आठवडाभर लोकांच्या बरगड्या बघितलेल्या,
श्वास घ्या, धरा, सोडा,
श्वास घ्या, धरा, सोडा,
म्हणून घसा बसलेला.
डोळे मिटले ते आंबोलीत उघडले.
घाट अर्धा उतरून गाडी थांबली होती
आणि बॉनेटमधून वाफ.

सुवार्तानं बाटली पुढे केली.
दस्तगीरमामा दगडावर बसून म्हणाले,
तिला पाणी नको, तिला वेळ पाहिजे.
मग आम्ही वेळ दिला.
गायलो. माकडं आली, ऐकली, गेली.
आठ वर्षं आम्हाला शिबिरांना नेणारे मामा
गाणं संपल्यावर म्हणाले,
तुम्ही दरवेळी दुसऱ्यावरून एकदम चौथ्यावर उडी मारता.
तिसऱ्या कडव्यानं काय घोडं मारलंय?
आणि त्यांनी ते शिट्टीवर वाजवून दाखवलं.
पुस्तक उघडून बघितलं तर
खरंच होतं तिथे, कोरं करकरीत,
बोट न लागलेलं.

सावंतवाडीनंतर शीलास नकाशा बघत होता,
म्हणून मळगावला चुकलो.
कुणाला कळलं नाही, कळलं तेव्हा
रस्ता दोन गडग्यांमधून जेमतेम गाडीएवढा झालेला
आणि आत वास आला.
अत्तराची बाटली कुणाची फुटली?
सगळ्यांनी शीलासकडे बघितलं.
तो म्हणाला, देवाशपथ.
(शपथ घ्यायची नसते, एस्तेरनं आठवण करून दिली.)

आसोली. अंगणात चटईवर सुरंगी वाळत पडलेली,
पिवळी, तपकिरी होत आलेली,
आणि एक बाई ती सुपात भरत होती.
पोरांनू, खंय चललात?
शांततेला, असं शीलास म्हणाला. खरंच म्हणाला.
बाई हसली ती अशी की सूप खाली ठेवावं लागलं.
मग काजूचे बोंडू, लाल, टोपलीभर.
खावा, पण कापडार सांडू नकात, डाग जावचो नाय.
सोळा जणांनी सांडले.
घसा खवखवला, जिभा जड झाल्या,
सकाळच्या माळेतला उरलेला एक वळेसर
तिनं माझ्या केसांत खोचला,
दुसरा एस्तेरनं हार्मोनियमला बांधला.
पैसे घेईना. परत येताना येवा, म्हणाली.

पावणेआठला पोचलो.
फाटकात आवळे पाळक, ओठांवर बोट.
मौन पावणेदोन तासांचं झालं होतं.
आम्ही रांगेनं आत गेलो, डागाळलेले,
पायांत लाल माती,
मागून सुरंगी घातलेली हार्मोनियम,
दोघांनी वरातीसारखी उचललेली.

सभागृहात चाळीस माना वळल्या.
जेवायला बसलो.
सोलकढीचे भुरके तेवढे ऐकू येत होते
आणि सुरूंच्या पलीकडून समुद्र,
त्याला कुणी पत्रक दिलं नव्हतं.
समोरच्या पंगतीतल्या एका चष्मेवाल्यानं
तळहातावर पेननं लिहून हात वर केला:
कसला वास?
मी पेन मागितलं. लिहिलं:
रस्ता चुकला.
त्यानं मान हलवली, जणू हे फुलाचंच नाव.

तेवढ्यात बाहेर बादलीचा आवाज.
दस्तगीरमामा गाडी धुत होते
आणि शिट्टीवर, निवांत,
तिसरं कडवं.

सुवार्ताचे खांदे हलायला लागले.
शीलासनं ताटात तोंड घातलं.
आवळे पाळक छताकडे बघत होते, मिशी थरथरत होती.
मौन सकाळी सहापर्यंत होतं.
मी श्वास घेतला.
धरला.